पिवळ्या विहिरीजवळ बिघडणारी गाडी

योंदोनची गाडी पिवळ्या विहिरीजवळ बिघडते, हे आमच्या गावात शेंबड्या पोरांनासुद्धा माहीत होतं. सगळ्यांना ते माहीत आहे, हे माहीत नव्हतं फक्त एकाला, आणि तो म्हणजे योंदोन स्वतः.

तशी ती गाडी बिघडायला कारणं कमी नव्हती. जुनी रशियन जीप, चारही चाकांनी ओढणारी, ताडपत्रीच्या टपाची. योंदोनच्या हाती आली तेव्हा कोरी होती आणि मी सांगतोय त्या वेळी एकोणतीस वर्षांची झाली होती. ती मुळात सहकारी संघाची. योंदोन संघाचा ड्रायव्हर, अध्यक्षांना घेऊन गोबीच्या वाळवंटभर हिंडायचा. पुढे संघ मोडला आणि जे होतं ते माणसांत वाटून द्यायचं ठरलं. लोक उंटांवरून आणि मेंढ्यांवरून हमरीतुमरीवर आले होते आणि योंदोन टोपी मांडीवर ठेवून कोपऱ्यात गप्प बसला होता. तुला काय हवं असं कुणीतरी विचारलं, तेव्हा म्हणाला, गाडी. त्या वेळी तिचं अर्धं इंजिन एका पोत्यात होतं. लोकांनी हसून ती त्याला देऊन टाकली. त्याची बायको नोरोव मात्र हसली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "हिची लोकर कातरायला वसंतात मला बोलावू नका."

ते पोतं त्याने दोन महिन्यांत रिकामं केलं. तेव्हापासून गावातून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं असेल, शाळेच्या वसतिगृहात पोरं पोचवायची असतील, कुणा आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचं असेल, तर योंदोनच्या दारात जायचं हे ठरून गेलं. थंडीत उणे तीसमध्ये तो पहाटेच उठून इंजिनाखाली दिवटी लावायचा. स्टोव्हसारखी भरभरणारी ती दिवटी तेलाच्या भांड्याखाली धरून अर्धा तास उकिडवा बसायचा आणि वर बॉनेटवर नोरोवने शिवलेली जाड गोधडी. आंघोळ घातलेल्या तान्ह्या पोराला गुंडाळावं तसा तो त्या इंजिनाला गुंडाळायचा. कार्ब्युरेटरमध्ये वाळू गेली की त्याला आवाजावरून कळायचं आणि कुठला प्लग मेला ते तो गाडी न थांबवता सांगायचा.

त्याच्या गाडीत बसायचे दोन नियम. दार आपटायचं नाही, आणि किती वेळात पोचू हे विचारायचं नाही. दुसरा नियम त्याचा एकट्याचा नव्हता, आमच्याकडे कुठल्याच ड्रायव्हरला ते विचारत नाहीत. वाटेचा अपमान होतो आणि वाट मग सूड घेते. शहरातून नव्याने आलेल्या एका डॉक्टरणीने एकदा विचारलं. योंदोनने गाडी थांबवली, खाली उतरला, सावकाश एक सिगारेट ओढली, चारही चाकांना लाथ मारून पाहिली आणि परत येऊन बसला. डॉक्टरणीला काही कळलं नाही, पण पुढे दोनशे किलोमीटर तिने तोंडही उघडलं नाही.

नोरोव गेल्याला अकरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. कुंपणाच्या आत एक लाकडी खोली, एक लोखंडी चूल आणि बाहेर ही जीप. बोलायला माणूस नाही म्हणून तो रडका झाला असं नाही, मात्र बोलणं कमी झालं. गाडीबद्दल बोलायचं असलं की तो तासभर बोलायचा आणि स्वतःबद्दल विचारलं की पाना शोधायला लागायचा.

सेर्जमा पिवळ्या विहिरीजवळ राहायची, गावापासून सत्तर किलोमीटरवर. विहीर कुणी पिवळी रंगवलेली नाही, तिच्यामागची टेकडी पिवळी आहे. शंभरेक शेळ्या, थोड्या मेंढ्या आणि पाच जाळ्यांचं मोठं गेर, म्हणजे आमचा गोल तंबू. जाळ्यांच्या भिंती, वर लोकरीचा नमदा, आत इतकं टापटीप की पाय ठेवताना आपले बूट आपल्यालाच घाण वाटावेत. वय अठ्ठावन्न. संघ होता तेव्हा तिने बावीस वर्षं ट्रॅक्टर चालवला होता आणि स्वतःच दुरुस्तही केला होता. नवरा गेला त्याला सहा वर्षं झाली होती. मुलगा एर्खेम शहरात, कुठल्याशा इमारतीच्या सातव्या मजल्यावर.

गाडी पहिल्यांदा तिथे बिघडली ती खरोखरच. चार वर्षांपूर्वीची गोष्ट, वसंतातली. धूळ अशी की बॉनेट दिसत नव्हतं. इंजिनाला ठिणगी देणारे पॉइंट जळले आणि गाडी थेट सेर्जमाच्या दारापुढे गप्प झाली. गाडीत दोन म्हाताऱ्या होत्या, त्या आत जाऊन खारा दुधाचा चहा प्यायला बसल्या. योंदोन बॉनेटमध्ये डोकं घालून उभा. थोड्या वेळाने त्याच्या खांद्याजवळून एक बारीक कानस पुढे आली.

"ही घ्या," सेर्जमा म्हणाली. "तुमच्या त्या जाड कानशीने पॉइंट घासले तर उद्या पुन्हा जळतील."

"तुला काय माहीत?"

"अहो ड्रायव्हर, तुम्ही अध्यक्षांना फिरवत होतात तेव्हा मी गवत कापत होते. माझं मशीन बंद पडलं की कुणी मला घ्यायला जीप पाठवत नव्हतं."

त्या दिवशी दोघं मिळून तीन तास खपली. खरं म्हणजे काम अर्ध्या तासाचं होतं. तिने मेंढीच्या मटणाचं सूप केलं, वर घट्ट दह्याची वाटी दिली, निघताना वाट सुखाची जावी म्हणून मागे दूध शिंपडलं. रस्ताभर म्हाताऱ्या पेंगत होत्या आणि योंदोन शीळ घालत होता. घरात घालू नये म्हणतात, गाडीचं कुणी काही सांगितलेलं नाही.

आता आमच्याकडे कुणाच्याही गेरमध्ये कधीही शिरावं, चहा मिळतोच. मग ही सोंगं कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं असं आहे की चहाला थांबलं तर तीन वाट्या प्यायच्या आणि उठायचं. चौथी वाटी घेतली तर शेळ्यासुद्धा माना वर करून बघतील. पण गाडी बिघडली तर अख्खी दुपार. बिघडलेल्या गाडीच्या माणसाला घालवून देणारं घर गोबीत अजून जन्माला यायचंय. तेव्हा योंदोन काय करायचा, तर पिवळ्या टेकडीच्या अलीकडच्या चढाच्या माथ्यावर गाडी थांबवायचा, जरा पाय मोकळे करतो म्हणून उतरायचा, बॉनेटमध्ये हात घालून कॉइलची तार दोन बोटांनी सैल करायचा आणि मग उताराने गाडी आपोआप घरंगळत सेर्जमाच्या दारापर्यंत यायची. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. प्रवाशांना वाटायचं, चला, आज सूप.

यात त्याने काय गमावलं हे ड्रायव्हरलाच कळेल. ज्याच्या हातात गाडी कधी बंद पडली नाही असं तीन तालुक्यांत म्हणायचे, त्याच्या तोंडावर लोक म्हणायला लागले, "काका, आता हिला भंगारात द्या." तो मान डोलवायचा. "हो, म्हातारी झाली," म्हणायचा. असं म्हणताना घरी जाऊन त्या गाडीची माफी मागत असेल, अशी मला खात्री आहे. पण सेर्जमाला त्याने चार वर्षांत एक अक्षर सांगितलं नाही. भीती साधी होती. विचारलं आणि ती नको म्हणाली, तर त्या दुपारीही जातील. त्यापेक्षा आहे ते बरं, असं म्हणत त्याने चार हिवाळे काढले.

शरद संपता संपता पोस्टातल्या बाईने पत्रं देता देता सांगितलं, "सेर्जमा चालली शहरात. मुलाने फ्लॅट घेतलाय. शेळ्या भावाला दिल्या. लामांनी एकोणीस तारीख काढून दिलीय, सकाळी निघायचं, ऊन गेरच्या माथ्यावर यायच्या आत."

योंदोन म्हणाला, "बरं झालं. थंडीत एकटीने राहणं वाईट." आणि पत्रं तिथेच विसरून घरी गेला.

सोळा तारीख होती ती. सतराला तो गेला नाही. अठराला सकाळी त्याने ठरवलं की जायचं आणि या वेळी तार सैल न करता जायचं, दारात उभं राहून सरळ सांगायचं, थांब म्हणून. एवढं ठरल्यावर माणसाने निघावं की नाही? हा गेला केस कापायला. मग गाडी धुवायला काढली. मागच्या दाराला लावलेलं जादा चाक अडचण करत होतं, ते सोडवून कुंपणाला टेकवून ठेवलं आणि त्याच्यामागची सगळी धूळ काढली. नवे बूट काढून त्यांना चरबी चोळली. निळा रेशमी देल, सणासुदीचा लांब अंगरखा, इस्त्रीखाली घातला. हे सगळं होईस्तोवर संध्याकाळ झाली. ज्याने गावातल्या अर्ध्या ड्रायव्हरांना शिकवलं की बायको विसरलात तरी चालेल, जादा चाक विसरू नका, तो एकोणीस तारखेला उजाडताना निघाला आणि जादा चाक कुंपणापाशीच राहिलं.

चाळीस किलोमीटरवर, काळ्या खडीच्या पट्ट्यात, मागचं डावं चाक फाडकन बसलं.

तो उतरला, पाहिलं. धारदार गारगोटीने टायरच्या बाजूला दोन बोटं रुंद चीर पाडली होती. मागे वळून दाराकडे हात नेला आणि हात तिथेच राहिला. गुळगुळीत, धुतलेलं, रिकामं दार. योंदोनने आयुष्यात स्वतःला पहिल्यांदाच गाढव म्हटलं, आणि ते मोठ्याने.

पण हात थांबले नाहीत. सीटखालची अवजारांची पेटी जागेवर होती, ती त्याने कधीच काढली नसती. त्याने जॅक लावला, मागे-पुढे दगड दिले, चाक काढलं. टायर रिमला चिकटून बसलेलं. ते बंपरखाली आडवं सरकवून, जॅक टायरच्या कडेवर टेकवून, गाडीच्याच वजनाने त्याने ते दाबून सोडवलं. मग दोन लोखंडी पट्ट्या घालून ट्यूब बाहेर ओढली. जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, कानशीने खरवडला, सोल्यूशन लावलं, फुंकर घालत वाट पाहिली. ट्यूबचं ठिगळ ठीक, पण टायरची चीर उघडी राहिली तर ट्यूब तिथून फुगून पुन्हा फुटणार. आतून काहीतरी जाड घालायला हवं. एरवी त्यासाठी जुन्या टायरचा तुकडा गाडीत असायचा, आता तोही स्वच्छतेपायी घरी राहिला होता. योंदोनने आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं. मग उजवा बूट काढला, चाकू घेतला आणि पोटरीवरचं वीतभर चामडं कापून चिरेमागे आतून बसवलं.

तेवढ्यात मोटरसायकलचा आवाज आला. योंदोनचा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे वाटेत थांबलेल्या गाडीजवळून कुणी नुसतं पुढे जात नाही. लग्नाला उशीर होवो, भांडण झालेलं असो, थांबायचं, विचारायचं, हात लावायचा. न थांबणाऱ्या माणसाचं नाव वर्षभर लक्षात ठेवतात.

मोटरसायकलवर लोदोय होता, पलीकडच्या ओढ्याकडचा मेंढपाळ, मागे बायको. त्याने वेग कमी केला, योंदोनचा निळा रेशमी देल वरपासून खालपर्यंत पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला.

"काका, विहीर अजून तीस किलोमीटर आहे की," तो ओरडून म्हणाला. "जरा पुढे जाऊन बिघडायचं ना."

बायकोने त्याच्या पाठीत गुद्दा घातला आणि टोपीच्या आड हसू लपवलं. मोटरसायकल गेली.

योंदोन हातात पट्टी घेऊन तसाच उभा राहिला. वाक्याचा अर्थ त्याच्या डोक्यात उतरायला वेळ लागला, आणि उतरला तेव्हा कानशिलं तापली. अर्ध्या तासाने एक छोटा ट्रक आला, मागे पाचसहा बायका, कुठल्यातरी बाळाच्या जावळाला चाललेल्या. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला, बायकांनी हात हलवले, एकीने तर हात जोडून शुभेच्छा दिल्यासारखं केलं. तोही ट्रक थांबला नाही. पस्तीस वर्षांत योंदोन पहिल्यांदाच रस्त्यावर एकटा पडला, आणि तो लोकांच्या चांगुलपणामुळे. सगळ्यांनी आपापल्या परीने त्याच्या मधे न येण्याची काळजी घेतली होती.

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. मग तिलाही माहीत असणार. हात हवा भरत होते, हातपंपाचा दट्ट्या खालीवर होत होता, अडीचशे, तीनशे, आणि डोक्यात तेवढंच फिरत होतं. तिला माहीत होतं आणि तरी ती सूप करत होती, ते काय कीव येऊन? आणि नसेल कीव, तर मग ती चालली कशी? ऊन वर चढत होतं.

चाक बसवून तो निघाला. दोन किलोमीटर गाडी झकास चालली. मग खोकली, धक्के खाल्ले आणि थांबली. योंदोनने सेल्फ मारला, हँडल मारलं. कार्ब्युरेटरची नळी सोडून पाहिली, कोरडी. पेट्रोलच्या पंपाचा रबरी पडदा फाटला होता. तसला दुसरा पडदा घरी, त्या कुंपणाला टेकवलेल्या चाकाशेजारी काढून ठेवलेल्या डब्यात. तो चाकाला पाठ लावून खडीवर बसला. एक बूट पूर्ण आणि एक अर्धा. ऊन डोक्यावर आलं होतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण त्याला रडू आलं ते त्याने अडवलं नाही. बघायला कुणी नव्हतंच.

मग समोरून धूळ दिसली. मोठा ट्रक होता, हळू येणारा, लादलेला. जवळ आला तशी मिटलेल्या जाळ्या दिसल्या, नमद्याच्या वळकट्या, गेरच्या माथ्याचं लाल लाकडी चक्र वर बांधलेलं आणि कडेला निळी चूल. ही चूल त्याने पन्नास वेळा पाहिली होती. पिवळ्या विहिरीवरून शहराकडे जायचा रस्ता हाच. योंदोन उठून उभा राहिला, पण हात वर करायचं त्याला सुचलं नाही.

ट्रक त्याच्या बाजूने पुढे गेला. गाडी एर्खेम चालवत होता, त्याने आईकडे पाहिलेलं योंदोनला दिसलं. तिचा चेहरा दिसला नाही. ट्रक वीस पावलं गेला, चाळीस पावलं गेला आणि मग ब्रेक करकरले.

सेर्जमा उतरली. प्रवासाचा जाड देल, डोक्याला रुमाल. सावकाश चालत आली.

"काय झालं?"

"पेट्रोल येत नाही."

ती पुढे झाली. बॉनेटमध्ये वाकली, पंपाला हात लावला, हाताने दांडा चार वेळा दाबला, नळीकडे पाहिलं. तेलाची पट्टी काढून नाकाशी नेली.

"तेलात पेट्रोल उतरलंय," ती म्हणाली. "पडदा फाटलाय. अहो, ही तर खरंच बिघडलीय."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"बावीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय मी. तार आपोआप सुटलेली कुठली आणि दोन बोटांनी सैल केलेली कुठली, एवढंही कळू नये?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर पुढच्या महिन्यात आला असतात?"

योंदोनने मान खाली घातली. तिची नजर त्याच्या पायाकडे गेली.

"बुटाचं काय झालं?"

"टायरमध्ये आहे."

ती हसली नाही. खाली बसून तिने मागच्या चाकाची चीर बोटाने चाचपली, आतलं चामडं दाबून पाहिलं. "चांगलं बसवलंय," म्हणाली, आणि उठून हात देलाला पुसले.

एर्खेम आला. शहरातला असला तरी वळण इथलंच, त्याने आधी वाकून विचारपूस केली, मग सिगारेट पुढे केली. "योंदोनकाका, पंप गेला असेल तर काळजी नको. माझ्याकडे जाड दोर आहे, गावापर्यंत ओढून नेतो. आमची वाट तीच."

यात नाही म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. दोर बांधला की तास दीड तासात गाव. तिथे दोर सोडायचा, दूध शिंपडायचं आणि ट्रक पुढे निघून जाणार. एर्खेम दोर आणायला वळलासुद्धा.

"दोर नको," योंदोन म्हणाला.

"का हो काका?"

योंदोनचा हात सवयीने पान्याकडे गेला. पाना सापडला, त्याने तो उचलला आणि परत ठेवला.

"मी सेर्जमाकडे चाललो होतो," तो म्हणाला. "तिला थांब म्हणायला."

एर्खेमने आईकडे पाहिलं, मग क्षितिजाकडे पाहिलं आणि ट्रकचे दोर घट्ट आहेत का बघून येतो म्हणाला. ते सकाळीच घट्ट केले होते.

"मला सांगायला निघाला होतात, एवढं कळलं," सेर्जमा म्हणाली. "अजून सांगितलं नाहीत."

"थांब," योंदोन म्हणाला. "मला तुझ्यावाचून करमत नाही. चार वर्षं करमत नाही. मी आता म्हातारा आहे, गाडी म्हातारी आहे, खोली एकच आहे. तरी थांब."

वारा होता, तिच्या रुमालाचं टोक फडफडत होतं. ते तिने हाताने धरलं.

"लामांनी दिवस काढून दिला. शेळ्या दिल्या. गेर उतरवून ट्रकवर चढवलं," ती म्हणाली. "आणि तुम्ही आज केस कापून येताय."

"काल कापले," योंदोन म्हणाला.

आता ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि मग तसंच राहू दिलं.

"सातव्या मजल्यावर मला झोप येणार नाही, हे त्याला कसं सांगू म्हणून आठ दिवस जागी आहे मी," ती म्हणाली. "पण परक्याच्या खोलीत माझं काही नाही. मी माझ्याच गेरमध्ये राहणार. पाच जाळ्यांचं आहे ते, लहान नाही. तुमच्या कुंपणात मावणार आहे का?"

"मावतं."

"बघून सांगा. उगाच माझं मन राखायला बोलू नका."

"खोलीच्या भिंतीपासून फाटकापर्यंत नऊ पावलं, आणि आडवी आठ. दार दक्षिणेला येतं. तुझ्या गेरला सात लागतात."

सेर्जमा त्याच्याकडे बघत राहिली. "हे कधी मोजलंत?"

"कानस दिलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी," योंदोन म्हणाला. "तेव्हापासून तिथे काही ठेवत नाही. सरपणसुद्धा कुंपणाबाहेर रचतो."